बोरजाळीच्या टेकाडावरचा डबा

दुपारचा वारा सुटायच्या आत बोरजाळीचं टेकाड गाठायचं, म्हसोबाच्या दगडापाशी डबा लपवायचा, जागेचे फोटो काढायचे आणि माघारी यायचं. काम एवढंच होतं. पण एवढ्याशा कामापायी द्वारकाबाईंचे दोन उन्हाळे वाया गेले होते. म्हणून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सहाच्या ठोक्याला, भिगवणच्या काठावर त्या अशा काही उभ्या होत्या, की आता आडवं येणाऱ्याला पाण्यात ढकलूनच पुढं जातील.

होडीवाले चाँदभाई तळातलं पाणी उपसत होते. सावकाश. द्वारकाबाईंनी एकदा घसा खाकरला, दुसऱ्यांदा खाकरला, तिसऱ्यांदा पदर खोचून सरळ होडीत चढल्या आणि मधल्या फळीवर बसून घेतलं. त्यांची थोरली सून अनिता मागून आली. तिच्या काखेत पाण्याच्या बाटल्या, हातात फडक्यात बांधलेलं दहीभाताचं पातेलं, आणि गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात फोन. नारळाची आणि हळदकुंकवाची पिशवी द्वारकाबाईंनी स्वतःकडं ठेवली होती. आणि मांडीवर, तान्ह्या पोरासारखा धरलेला, इंदापूरच्या बाजारातून आणलेला चार कड्यांचा हिरवा डबा.

खेळ असा. कुणीतरी एखाद्या जागी पाणी न शिरणारा डबा लपवतं, त्यात वही आणि पेन्सिल ठेवतं आणि ती नेमकी जागा फोनमधल्या नकाशावर टाकतं. जगातल्या कुणीही तिथं जावं, डबा हुडकावा, वहीत नाव लिहावं आणि डबा होता तसा ठेवून गुमान चालतं व्हावं. बक्षीस नाही, हारतुरा नाही. सहा वर्षांमागं सणसरला, द्वारकाबाईंच्या पेरूच्या बागेशेजारी, चारीच्या मोरीत हात घालताना पुण्याचे दोघंजण त्यांनी पकडले होते. मोटारीची केबल चोरायला आलेत असं समजून त्यांनी आधी कुत्रं सोडलं आणि मग चौकशी केली. मोरीतून निघाला पत्र्याचा डबा. त्यांच्या बांधाला, त्यांना न विचारता! दोघांना खाली बसवून त्यांनी खेळ समजून घेतला, पेरू खायला दिले, आणि त्याच संध्याकाळी सुनेला हुकूम केला की आपल्या फोनात हे घाल.

तेव्हापासून बासष्ट डबे त्यांनी हुडकून काढले होते. बारामतीच्या एमआयडीसीत कुंपणाच्या पोकळ खांबात एक होता, तो काढताना कामावर निघालेल्या मोटारसायकली थांबून बघत राहिल्या, तरी बाई हटल्या नाहीत. स्वतःचा पहिला डबा त्यांनी बागेतल्या जुन्या पंपघरात ठेवला आणि तो दोन दिवसांत पास झाला. मग मात्र नियमांना पिल्लं व्हायला लागली.

खेळवाल्यांचा एक तपासनीस असतो. तो कुठं राहतो, बाई की बाप्या, कुणाला ठाऊक नाही. त्यानं मान हलवल्याशिवाय कुठलाच डबा नकाशावर उमटत नाही. द्वारकाबाईंनी चिंचेच्या ढोलीत डबा ठेवला, तर त्यानं कळवलं की दोन डब्यांत एकशे एकसष्ट मीटर अंतर हवं, तुमचं एकशे सदतीस भरतंय. खुरप्यानं चार बोटं माती उकरून पुरला, तर म्हणे उकरायचं नाही. स्टेशनाकडं ठेवला, तर रुळाच्या जवळ नको. लोणच्याच्या बरणीत ठेवला, तर खाण्याच्या वासाची भांडी नकोत. दरवर्षी नियमांची यादी वीतभर लांबायची, आणि ती अनितानं वाचून दाखवली की द्वारकाबाईंचं त्या दिवशीचं जेवण कडू व्हायचं. अख्खं घर वचकून असलेल्या बाईला कुणीतरी न दिसणारं माणूस मोजपट्टी दाखवत होतं!

हेही त्यांनी गिळलं असतं. पण बोरजाळीचं दुखणं वेगळं होतं.

बोरजाळी त्यांचं माहेर. धरणाच्या पाण्याखाली गाव गेलं तेव्हा त्या दुसरीतून तिसरीत जायच्या होत्या. शाळा बुडाली, ती पुन्हा काही त्यांच्या वाट्याला आली नाही. आता फोनच्या नकाशात त्या जागी बोट ठेवलं की नुसता निळा रंग दिसायचा. नाव नाही, ठिपका नाही. मात्र या खेळात प्रत्येक डब्याला नाव असतं, आणि ते नाव नकाशावर दिसतं. गावाचं टेकाड उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं. त्यावर डबा ठेवला, त्याचं नाव बोरजाळी ठेवलं, की त्या निळ्याच्या मधोमध पुन्हा एकदा बोरजाळी उमटणार होती. अनोळखी माणसं होडी करून येणार, वहीत सही करणार, घरी जाऊन सांगणार की आम्ही बोरजाळीला जाऊन आलो. गाव गेल्यापासून असं वाक्य कुणी बोललं नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात तपासनिसानं जागेच्या मालकाची लेखी परवानगी मागितली. मालक सरकार. एका कचेरीत सहा खेपा झाल्या. पाण्यात डबा कशाला, हे साहेबाला पटवून सही मिळेपर्यंत पाणी वर चढलं. दुसऱ्या उन्हाळ्यात डब्याची देखभाल जवळच्या कुणी करायला हवी असं निघालं. ती जबाबदारी चाँदभाईंनी लिहून दिली, तोवर पुन्हा पाणी चढलं. आणि यंदा, पंधरवड्यामागं, नवाच नियम आला. जिथं पाखरं जमिनीवर अंडी घालतात, तिथं मार्च ते जून डबा ठेवायचा नाही.

टेकाड एप्रिलात उघडं पडतं आणि जुलैत बुडतं. म्हणजे टेकाड वर असतं तेव्हा बंदी, आणि परवानगी असते तेव्हा ते वीस फूट पाण्याखाली!

त्या दिवशी द्वारकाबाईंनी सुनेला तो नियम तीनदा वाचायला लावला. त्यांचं म्हणणं असं, की बागेत दर साली टिटवी अंडी घालते, आणि अंडं दिसलं की आम्ही नांगर वळवून नेतो. आम्हाला हे शिकवायला कुणी फोनवाला आला नव्हता. तपासनिसानं शेवटी एक फट ठेवली होती. जागेवर एकही घरटं नाही असे आजच्या तारखेचे फोटो पाठवा, मग बघू. त्या फटीत पाय घालायला आज ही होडी निघाली होती.

चाँदभाईंनी वल्ही पाण्यात टाकली. काठावरचे खानावळीवाले, मासळीच्या पाट्या, पहिल्या गाडीची शिट्टी, सगळं मागं पडलं. पाणी शिशाच्या रंगाचं होतं आणि हलत नव्हतं. लांबवर रोहित पक्ष्यांचा थवा उथळ पाण्यात माना घालून उभा होता, जणू कुणी धुणं वाळत घातलंय. पाण्यातून वठलेल्या बाभळींचे शेंडे वर आले होते, आणि प्रत्येक शेंड्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसलेला. या बाभळी एके काळी बांधावर होत्या. कुणाच्या, ते चाँदभाईंना माहीत होतं. त्यांच्या वडलांचं बोरजाळीत मीठमिरचीचं दुकान होतं आणि गाव बुडालं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. वल्हवता वल्हवता त्यांनी दोन-चार बांध ओळखून दाखवले. द्वारकाबाईंचं लक्ष नव्हतं. त्या सारख्या मागं वळून आभाळ बघत होत्या, अनिताला वेळ विचारत होत्या आणि वल्ही जोरात मारायला सांगत होत्या.

अर्ध्या वाटेत चाँदभाई म्हणाले, “आमी मासं धरणारं ह्या दिवसांत त्या टेकाडाला होडी लावत न्हाय.”

“का? तुमाला बी त्या फोनवाल्यानं नियम लावला काय?”

“न्हाय. लावत न्हाय, एवढंच.”

द्वारकाबाईंनी त्यावर तोंड फिरवलं. विनाकारणाचा नियम त्यांना कारणाच्या नियमाहून जास्त झोंबत असे.

टेकाडाच्या अलीकडं चिखलानं वाट अडवली. पाणी यंदा लवकर उतरलं होतं आणि शंभर पावलं नुसता काळा गाळ उरला होता. होडी रुतली. चाँदभाईंनी वल्ह्यानं रेटा दिला, होडी हलेना. द्वारकाबाई खाली उतरल्या आणि गुडघ्यापर्यंत आत गेल्या! अनिता त्यांना धरायला वाकली तशी तीही गेली. गाळ थंड होता, पायाला शिंपले लागत होते, आणि एक पाय ओढून काढला की दुसरा दुप्पट खोल जात होता. अनिता रडकुंडीला आली. द्वारकाबाईंनी तिला पुढं हो म्हणून सांगितलं, डबा डोक्यावर घेतला, आणि भातलावणीला निघाल्यासारख्या आडवे पाय टाकत चालू लागल्या. शंभर पावलांना पाऊण तास लागला. कोरड्या वाळूवर पोचल्या तेव्हा त्यांच्या पायाच्या बोटातलं जोडवं गाळानं गिळलं होतं. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

टेकाड आलं! वर निघायला मोजून साठ पावलं. आणि त्यांनी पाय उचलला मात्र, डोक्यावर एकच गिल्ला झाला. पिवळ्या चोचीची, चिमट्यासारख्या शेपटीची पांढरी पाखरं, सुरय म्हणतात ती, वाळूवरून उठली. दहा नव्हती, वीस नव्हती. दोनशे तरी असतील. काही सरळ डोक्यावर सूर मारत होती. अनितानं पदर डोक्यावरून घेतला. द्वारकाबाई मात्र जागच्या जागी थांबल्या आणि खाली बघू लागल्या. बागेतली सवय कामाला आली. पुढच्या पावलावर तीन अंडी होती. वाळूच्या रंगाची, वर तपकिरी शिंतोडे. डावीकडं आणखी दोन. त्यांनी अनिताला आणि वल्हं टेकत मागून आलेल्या चाँदभाईंना आपल्या पावलावर पाऊल ठेवून यायला बजावलं, आणि कपाशीच्या सरीतून चालावं तशा नागमोडी चालत, एकाही अंड्याला धक्का न लावता, त्या माथ्यावर पोचल्या.

माथा खडकाळ होता. मधोमध म्हसोबाचा दगड. गावानं देव नवीन वस्तीवर नेला, पण हा दगड हलला नव्हता, म्हणून इथंच राहिला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो वर्षातले नऊ महिने पाण्याखाली काढत होता. त्याच्या भोवतीच्या वीस पावलांत अंडं नव्हतं, काडी नव्हती, पीससुद्धा नव्हतं.

द्वारकाबाईंना जिंकल्यासारखं झालं. त्यांनी अनिताला चारी बाजूंनी फोटो काढायला लावले. दगडाच्या बुडाशी एक नैसर्गिक कपार होती, उकरायचं काम नव्हतं. तिथं डबा बरोब्बर बसला. अनितानं फोन दगडावर ठेवून जागेचे आकडे घेतले. द्वारकाबाईंनी वहीच्या पहिल्या पानावर, शाळेत शिकलेल्या त्या तुटपुंज्या अक्षरांत, स्वतःच्या हातानं बोरजाळी लिहिलं होतं, ते पुन्हा एकदा उघडून पाहिलं आणि कड्या लावल्या. साडेआठ वाजले होते. सगळं नियमात बसलं होतं, आणि अजून वाऱ्याला चार तास होते.

आता देवाचं. गावात पाऊल टाकलंय आणि म्हसोबाला नैवेद्य दाखवला नाही, हे कसं व्हावं? त्यांनी दगडाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पत्रावळीवर वाटीनं दहीभात वाढला. आणि मग बाजूला, गावातली जी माणसं गेली त्यांच्या नावानं, भाताचे घास मांडायला सुरुवात केली. आई, बाप, चुलता, शाळेतले गुरुजी. अकरा घास झाले. बारावा घास त्यांनी जरा लांब ठेवला आणि चाँदभाईंना सांगितलं, की हा तुमच्या बाच्या नावाचा.

चाँदभाई टोपी हातात घेऊन उभे होते. “आमच्यात कावळा शिवायची रीत न्हाय, बाई.”

“तो गावाचा हाय. गावाला रीत हाय.”

मग त्यांनी तोंडाशी हात नेऊन कावळ्यांना साद घातली. मोकळ्या पाण्यावर तो आवाज लांबवर गेला. बराच वेळ काही नाही. मग वठलेल्या बाभळीवरून एक काळा ठिपका उठला, टेकाडाभोवती एक चक्कर मारली आणि आईच्या घासाजवळ उतरला. शिवला! द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुनेला दिसू नये म्हणून त्यांनी तिला पातेलं नीट धर म्हणून उगाच दरडावलं. दुसरा कावळा आला. तिसरा आला. बोरजाळीची माणसं एकेक करून जेवायला येत होती, आणि द्वारकाबाई प्रत्येकाला नावानं ओळखत होत्या.

बाराव्यानंतरही कावळे येतच राहिले.

काठावरच्या मासळीच्या घाणीवर पोसलेले, होड्यांच्या मागं उडायची सवय लागलेले कावळे ते. कुणीतरी जेवण वाढलंय ही बातमी त्यांना कळली होती. वीस झाले, तीस झाले, चाळीस. पत्रावळ पुसून झाली. अकरा घास संपले, बारावा संपला. मग एक थोराड कावळा दगडावरून उड्या मारत उतारावर गेला, मान वाकडी करून वाळूकडं बघू लागला. त्यानं चोच मारली आणि उडाला. चोचीत शिंतोड्यांचं अंडं होतं.

एका क्षणात सगळा उतार काळा झाला!

पांढरी पाखरं किंचाळत तुटून पडली. पण ती माणसांना भ्यायली होती, खाली उतरत नव्हती, आणि कावळे मात्र माणसांना भीत नव्हते. द्वारकाबाई धावल्या. पदर सोडून हातात घेतला आणि फिरवू लागल्या. एका बाजूचे उठले की दुसऱ्या बाजूचे उतरत. वाळूत लिंबाएवढं एक पिल्लू पोट टेकून पडलं होतं, वाळूच्याच रंगाचं. त्यावर कावळा वाकला. द्वारकाबाईंनी हातातली वाटी फेकून मारली. नेम चुकला. पिल्लू गेलं.

दुसरं पिल्लू त्यांच्या पायाशी होतं. त्याच्यावर त्या दोन्ही पाय फाकवून उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. अनिता दुसऱ्या बाजूला खडे मारत होती. चाँदभाईंनी वल्हं उचललं आणि ते फिरवत राहिले. कावळे जरा मागं सरले, पण गेले नाहीत. माथ्यावरच्या दगडांवर रांगेनं बसून वाट बघू लागले.

ऊन वर आलं. खडक तापला. चाँदभाई धापा टाकत जवळ आले आणि त्यांनी आता कारण सांगितलं. या पाखरांची अंडी उघड्यावर असतात. ऊन चढलं की आई पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवते. माणूस टेकाडावर आहे तोवर ती बसणार नाही. “अजून घटकाभर थांबलो तर अंडी शिजत्यात, बाई. म्हणून आमी होडी लावत न्हाय.”

थांबलं तर ऊन मारणार. गेलं तर कावळे खाणार. द्वारकाबाई तशाच उभ्या राहिल्या, पायांमध्ये ते पिल्लू घेऊन. आयुष्यात त्यांनी सोसायटीतल्या पुढाऱ्यांना गप्प केलं होतं, भावकीला वाकवलं होतं. या चाळीस कावळ्यांना काय बोलावं ते त्यांना सुचेना. बोलावलं तर त्यांनीच होतं.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की कावळ्यांची नजर उताराकडं नाहीच. ती अनिताच्या काखेकडं आहे. पातेल्यात अजून निम्मा दहीभात होता.

“अनिता, ते पातेलं उघडं कर. आणि होडीकडं चल. धावू नको, दिसू दे त्यांना.”

त्यांनी माथ्यावर जाऊन खोबऱ्याचे तुकडे वेचले, पत्रावळ उचलली, फटीत पडलेली शितं नखानं काढली. एकही कण राहू द्यायचा नव्हता. मग त्या कपारीपुढं बसल्या. हिरवा डबा आत होता, बाहेरून दिसत नव्हता, सुरेख लपला होता. त्यानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. फोटोत सगळं खरं होतं. तो राहिला असता तर उद्या नकाशावर नाव उमटलं असतं, आणि परवापासून माणसं आली असती. कुणी बिस्किटं घेऊन, कुणी भेळ घेऊन. आणि कुणीतरी त्यांच्यासारखंच, भरल्या मनानं, म्हसोबाला नैवेद्य घेऊन.

त्यांनी हात आत घातला आणि डबा ओढून काढला. अनिता खालून बघत होती. उघडं पातेलं वर धरून ती होडीकडं वळली.

तिघांनी गाळ पुन्हा तुडवला. गाळाशी झगडत होडी ढकलून पाण्यात नेईपर्यंत दहा वाजून गेले. द्वारकाबाई मागच्या टोकाला पातेलं घेऊन बसल्या आणि पहिली मूठ पाण्यावर फेकली. एक कावळा झेपावला. दुसरी मूठ. पाच झेपावले. मग माथ्यावरची सगळी रांग उठली आणि होडीमागं निघाली. वर काळी वावटळ आणि खाली एक बाई चिमटी चिमटीनं भात उधळते आहे! भात पुरवायचा होता. काठापर्यंत. मध्ये संपला तर कावळे माघारी फिरणार. एक चिमूट टाकायची, वीस वल्ही मोजायची, पुन्हा एक चिमूट. द्वारकाबाईंच्या बोटांनी इतकी कंजुषी कधी केली नव्हती.

आणि मग वारा आला. दोन तास आधी!

आधी पाण्यावर पश्चिमेकडून एक काळसर सुरकुती आली. चाँदभाईंनी ती पाहिली आणि अनिताला खाली बसायला सांगितलं. दुसऱ्या क्षणी होडीनं नाक वर केलं. लाटा एकीमागून एक आदळू लागल्या. पाणी आत आलं. घोट्यापर्यंत आलं. चाँदभाईंनी होडीचं तोंड वाऱ्याला द्यायला जोर लावला, आणि उजवं वल्हं पाण्याखालच्या बाभळीच्या बेचक्यात अडकलं. कडाड! वल्ह्याचं पान तुटून गेलं. हातात नुसता दांडा.

“पाणी काढा!” चाँदभाई ओरडले. पाणी उपसायचं डबडं केव्हाच वाहून गेलं होतं.

द्वारकाबाईंनी हिरव्या डब्याच्या चारी कड्या उघडल्या. वही काढून चोळीत खुपसली. पेन्सिल गेली पाण्यात. डबा अनिताच्या हातात दिला. अनिता उपसू लागली. एक, दोन, पाच, पन्नास. जेवढं बाहेर जात होतं तेवढंच आत येत होतं. द्वारकाबाईंचा एक हात होडीच्या काठाला, दुसरा पातेल्यात. चिमूट टाकायची, मोजायचं. भिजलेल्या भाताचे गोळे झाले होते. अनिता ओरडून म्हणाली, की टाकून द्या आता ते सगळं आणि धरून बसा. द्वारकाबाईंनी ऐकलं नाही. कावळे वाऱ्यानं तिरपे झाले होते, मागं पडत होते, पण अजून येत होते.

होडी आता भिगवणकडं जातच नव्हती. वारा नेईल तिकडं जात होती. डावीकडं बाभळीचे खुंट, उजवीकडं लाट. चाँदभाई दांड्यानं खुंटांना ढोसत होते. एक खुंट निसटला. दुसरा तळाला घासला, फळी करकरली, अनितानं डोळे मिटले. तिसरा चुकला! आणि समोर, पाण्यावर डुलणारी निळी पिंपं दिसली. कुणा शेतकऱ्याच्या पाणी उपसायच्या मोटारीचा तराफा. त्याचा जाड दोर काठापर्यंत गेलेला. चाँदभाईंनी दांडा टाकला आणि दोर पकडला. हात सोलून निघाले. अनितानं त्यांना कमरेला धरलं. द्वारकाबाईंनी अनिताला धरलं. तिघांनी हातावर हात टाकत होडी ओढली. वीस हात, दहा हात, आणि तळ चिखलात टेकला.

द्वारकाबाईंनी पातेलं उचललं आणि तळाशी राहिलेला सगळा भात काठावरच्या उसाच्या पाचटावर उपडा केला. कावळे त्यावर तुटून पडले. त्या तिथंच खाली बसल्या.

मग काठावरच्या मोटारीच्या खोलीच्या सावलीत तिघं टेकली. चाँदभाई सोललेल्या तळहातांवर फुंकर घालत होते. टेकाड लांब, धुरकट दिसत होतं. त्यावर पांढरे ठिपके घिरट्या घालत होते, मग एकेक करून खाली बसले. द्वारकाबाईंनी ते शेवटचा बसेपर्यंत पाहिलं. मग अनिताला सांगितलं, फोन काढ आणि त्या तपासनिसाला लिही.

त्यांनी सांगितलं आणि अनितानं लिहिलं. आम्ही जाऊन आलो. जागेवर एकही घरटं नाही, फोटो जोडलेत, म्हणजे आमचं म्हणणं खरं होतं. तरीही डबा ठेवलेला नाही. दिसली तेवढी चार अंडी आणि एक पिल्लू आमच्यामुळं गेलं. डब्यामुळं नाही. आम्ही नेलेल्या अन्नामुळं. तेव्हा तुझा नियम अपुरा आहे. त्यात असं घाल, की जिथं पाखरं जमिनीवर बसतात, तिथं भाताचं शीतसुद्धा न्यायचं नाही. देवाच्या नावानं नाही आणि गेलेल्या माणसांच्या नावानं तर मुळीच नाही.

अनिताचं बोट थांबलं. ती हसू दाबत म्हणाली, “आत्या, नियम लई झालेत म्हणून तुमीच तर तीन वर्सं भांडताय.”

“मग बाकीचे काढ म्हणावं. एकशे एकसष्ट मीटरचा आधी.”

अनितानं तेही लिहिलं. खाली नाव काय घालू, असं विचारल्यावर मात्र द्वारकाबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला. चिखलाचं बोट लुगड्याला पुसलं. एकेक अक्षर हुडकत, चुकलेलं खोडत, त्यांनी एकच शब्द लिहिला, बोरजाळी, आणि पाठवून दिला.

मग त्यांनी ओला डबा पालथा करून झटकला, कड्या लावल्या आणि चाँदभाईंना विचारलं, की हितनं भिगवण चालत किती.